भिंत त्यांची, हिरवा रंग तुमचा

पत्र : दोन महिन्यांपूर्वी आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो. करार २ वर्षांचा आहे आणि भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत अशी अट आहे. भिंती फिकट पिवळ्या, हात फिरवला की पावडर लागते. फरशी तपकिरी ठिपक्यांची. बाहेरची खोली साधारण साडेतीन बाय साडेचार मीटर, मधोमध एकच पांढरी ट्यूब. मला गडद हिरवा रंग, जुनं लाकूड आणि पुस्तकं आवडतात. सोफ्यामागे लावायला चिकटवायच्या वॉलपेपरचे ४ रोल आणले. पहिली पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर होती. मग चिकटणाऱ्या हुकला एक फ्रेम अडकवली, तर हुक रंगाच्या ढलप्यासकट खाली आला. भिंतीवर तळहाताएवढा डाग पडलाय. नवरा म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर खर्च कशाला? पण मला या घरात पाहुण्यासारखं वाटतं. काय करू?

उत्तर :

डागापासून सुरुवात करू, कारण तो का पडला हे कळलं की पुढचं बरंच काही आपोआप ठरतं.

तुमच्या हुकचा गोंद चांगलाच होता. त्यानं रंग घट्ट धरला. रंगानं भिंत धरली नाही. हाताला पावडर लागते म्हणजे भिंतीवर बहुधा साधा डिस्टेंपर किंवा चुन्याचा रंग आहे. यात खडूसारखी भुकटी जास्त आणि तिला बांधून ठेवणारा चीक कमी असतो. काही वर्षांत तो चीकही कमजोर होतो. अशा भिंतीला चिकटवलेली कुठलीही वस्तू त्या भुकटीच्या थराला चिकटते, म्हणून अजून महागडा हुक किंवा ‘जास्त ताकदीची’ टेप आणलीत तर एवढंच होईल की पुढचा ढलपा आणखी मोठा निघेल. वॉलपेपरची पट्टीही याच कारणानं पडली. काळं सुती फडकं भिंतीवर चारपाच वेळा घासून बघा. फडकं पांढरं झालं तर त्या भिंतीवर गोंद लावायचा नाही, विषय संपला. प्रत्येक खोलीत ही परीक्षा वेगळी घ्या. स्वयंपाकघर आणि बाथरूमला बरेचदा ऑइलपेंट किंवा टाइल्स असतात आणि तिथे हेच हुक उत्तम टिकतात. फक्त जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. घरातल्या साबणाच्या द्रावणानं पुसलंत तर त्याचा पातळ थर मागे राहतो. हुक ३० सेकंद दाबून धरा आणि वजन तासाभरानं अडकवा. काढताना हुकमागची चिकट पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणायची. स्वतःकडे ओढली की रंग येतो.

आता दुरुस्ती. घरमालकांना आधी फोटो पाठवून सांगा. डाग झाकून ठेवून दोन वर्षांनी दाखवण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. मग पुट्टीच्या पात्यानं डागाच्या कडा खरवडा. निरोगी दिसणारा रंगही पात्याखाली सहज उठत असेल तर तोही काढा. डाग मोठा होईल, होऊ द्या. सैल कडेवर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, महिनाभरात कडेसकट सुटते. १८० नंबरच्या काचकागदानं कडा घासून उतरत्या करा, धूळ कोरड्या ब्रशनं झाडा आणि आधी प्राइमरचा एक पातळ हात द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोरडी भिंत ओल्या लांबीतलं पाणी लगेच शोषून घेते आणि लांबीची पुन्हा भुकटीच होते. प्राइमर वाळल्यावर लांबीचा एक ते दीड मिमीचा थर ओढा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. एकाच जाड थरात काम उरकायला गेलात तर तो वाळताना आकसतो आणि मधे चीर पडते. २२० नंबरच्या कागदानं घासा, पुन्हा प्राइमर, मग रंगाचे दोन पातळ हात.

रंग जुळवायला तो पडलेला ढलपाच दुकानात न्या. दोनतीन सेंमीचा सपाट तुकडा पुरतो. नवीन रंग ओला असताना वेगळा दिसतो आणि वाळल्यावर वेगळा, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, मगच भिंतीशी ताडून पाहा. तरीही ठिगळ थोडं दिसेलच, कारण आजूबाजूचा रंग विटलेला आहे. अगदी खटकलं तर ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवायची. अर्धी भिंत रंगवून कधीच जमत नाही.

आता घराकडे. तुमच्या पत्रात वॉलपेपर आला, फ्रेम आली, म्हणजे पहिल्या दोन्ही चाली भिंतीवरच्या. भाड्याच्या घरात भिंत ही सगळ्यात कमी आपली असलेली वस्तू, आणि तिच्यावर घातलेला पैसा तिथेच राहतो. उजेड, कापड आणि हलवता येणारं सामान हे मात्र तुमच्याबरोबर येतं आणि खोलीचा चेहरामोहरा भिंतीपेक्षा त्यांनीच जास्त बदलतो. नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. प्रत्येक खरेदीआधी ‘हे पुढच्या घरात येईल का?’ एवढं विचारलंत तर उरलेलं अर्धं भांडणही मिटेल.

पहिला खर्च उजेडावर

मधोमध एक पांढरी ट्यूब असली की उजेड वरून सगळीकडे सारखाच पडतो. कोपरे आणि मधली जागा सारखीच दिसते, सावल्या चेहऱ्यावर पडतात आणि खोली प्रतीक्षालयासारखी वाटते. वर त्या ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा असेल, म्हणजे निळसर पांढरा, तर फिकट पिवळी भिंत त्यात मळकट दिसते. तीच भिंत २७०० केल्विनच्या उबदार उजेडात हस्तिदंती वाटते. काहीही न रंगवता भिंतीचा रंग बदलण्याचा हा एकच मार्ग आहे आणि तो बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो.

तुमच्या खोलीला संध्याकाळी सगळे मिळून साधारण २००० ल्युमेन पुरतात. ते तीन दिव्यांत वाटा : सोफ्याशेजारी उभा दिवा ८०० ल्युमेनचा, पुस्तकांच्या कपाटावर टेबललॅम्प ८०० चा आणि समोरच्या कोपऱ्यात छोटा ४०० चा. ८०० ल्युमेन म्हणजे साधारण ९ वॉटचा एलईडी. वॉट बघून बल्ब घ्यायची सवय सोडा. उजेड ल्युमेन सांगतो. तिन्ही बल्ब एकाच केल्विनचे घ्या. एक २७०० चा आणि एक ४००० चा शेजारी लागला की एकाच भिंतीवर दोन रंग दिसतात. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा वर लिहिलेलं असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्या, कारण लाकूड आणि गडद हिरवा हे दोन्ही रंग कमी सीआरआयच्या उजेडात करडे पडतात. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी, म्हणजे बल्ब डोळ्यात जात नाही. वायर भिंतीच्या कडेनं न्या, गालिच्याखालून अजिबात नको. तिथे ती पायाखाली चुरगळते, आतून तुटते आणि तापली तरी दिसत नाही.

ट्यूब काढायची गरज नाही. झाडलोट करायला आणि हरवलेलं शोधायला ती उत्तम.

हिरवा रंग कुठे बसवायचा

तुमच्या खोलीतले दोन रंग आधीच ठरलेले आहेत, पिवळा आणि तपकिरी. ते नाहीतच असं समजून सजावट केली की काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं आणि कारण सापडत नाही. सुदैवानं गडद हिरवा या दोघांशी छान जमतो, पण शेवाळी किंवा बाटलीच्या काचेसारखा, म्हणजे पिवळ्याकडे झुकणारा. निळ्याकडे झुकणारा मोरपंखी हिरवा या भिंतीशी भांडेल. ढोबळ हिशेब असा धरा : खोलीचा साठ टक्के भाग आहे तो पिवळा-तपकिरी, तीस टक्के तुमचा हिरवा आणि उरलेल्या दहा टक्क्यांत विटकरी किंवा पितळेचा एखादा ठिपका. कापडाचा नमुना घरी आणून रात्री नव्या दिव्याखाली बघितल्याशिवाय पूर्ण कापड घेऊ नका. दुकानात जो हिरवा असतो तो घरी तसाच असेल याचा भरवसा नाही.

हा हिरवा सगळ्यात आधी पडद्यांत आणा. खिडकीवर आधीचा रॉड असेल तर त्याचे ब्रॅकेट तसेच ठेवून फक्त रॉड बदला आणि तो ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंमी बाहेर येईल असा घ्या. एकही नवं छिद्र न पाडता पडदा काचेवरून बाजूला सरकतो, खिडकी रुंद वाटते आणि दिवसा उजेड अडत नाही. याहून जास्त बाहेर काढलात तर टोकं वाकतात. ब्रॅकेट नसतील तर चौकटीच्या आत बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. तो चौकटीपेक्षा दोनतीन सेंमी लांब करून, दाबून बसवायचा आणि त्यावर हलकंच कापड टाकायचं. जाड पडदा रोज ओढला की त्याची रबरी टोकं घसरतात, आणि भुकटीच्या रंगावर तर नक्कीच.

कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट हवं. इथेच सगळे काटकसर करतात आणि मग पडदा बंद केल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. १९० सेंमीच्या रॉडला दोन्ही पडदे मिळून सुमारे ३८० सेंमी रुंदी लागते. कापडाचा पन्ना १३५ सेंमीचा असेल तर तीन पन्ने, म्हणजे प्रत्येक पडद्याला दीड. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, ते पाच टक्क्यांपर्यंत आटू शकतं. २२० सेंमीच्या पडद्यात हे ११ सेंमी झाले. खाली १० सेंमीची दुहेरी दुमड आणि वर ८ सेंमी धरली तर २२० च्या पडद्याला धुतलेलं कापड २४८ सेंमी लागतं, २५० कापा. पडदा जमिनीच्या एक सेंमी वर संपावा. खिडकीच्या चौकटीशी संपणारा पडदा छत खाली ओढतो. घरमालकांचे पडदे असतील तर धुऊन, घडी करून पिशवीत ठेवा.

फरशीवर गालिचा. इथली नेहमीची चूक म्हणजे लहान गालिचा, जो खोलीत हरवलेल्या पोस्टकार्डासारखा दिसतो. सोफ्याचे पुढचे दोन पाय त्याच्यावर १५ ते २० सेंमी आत यायला हवेत आणि दोन्ही बाजूंना तो सोफ्याच्या बाहेर दिसायला हवा. १८० सेंमीच्या सोफ्यासमोर १६० बाय २३० हा किमान आकार, २०० बाय ३०० मावत असेल तर तोच घ्या. भिंतीपासून ३० सेंमी फरशी मोकळी सोडा. आधी वर्तमानपत्रं जोडून तेवढी जागा आखा आणि दोन दिवस त्यावरून वावरा. दार अडतंय का तेही कळेल. खाली न घसरणारी जाळी घाला, ती गालिच्यापेक्षा सगळ्या बाजूंनी दोनतीन सेंमी लहान हवी. घरातल्या एखाद्या खोलीत व्हिनाइलची जमीन असेल तर तिथे रबरी जाळी टाळा, रबरानं व्हिनाइलवर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. अनामत रकमेतून कापले जाणारे डाग बहुधा असेच असतात, आपल्या लक्षातही न येणारे.

पुस्तकं

एक मीटर लांबीच्या पुस्तकांचं वजन सहज २० ते ३० किलो भरतं. १८ मिमीच्या फळीला ८० सेंमीपेक्षा लांब आधाराविना ठेवलंत तर वर्षभरात ती मधे वाकते. उंच कपाट भिंतीला बांधल्याशिवाय ठेवणं धोक्याचं आहे, आणि तुम्हाला तर बांधायला भिंतच नाही. म्हणून कंबरेइतकी, साधारण ९० सेंमी उंचीची दोन कपाटं घ्या आणि जड पुस्तकं खालच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या घरात हीच दोन कपाटं वेगवेगळ्या खोल्यांत जातील, एका भिंतीच्या मापानं बनवलेलं एक मोठं कपाट कुठेच जाणार नाही. पायांना फेल्टच्या चकत्या लावा. वरच्या फळीवर टेबललॅम्प आणि भिंतीला टेकवून फ्रेम, मोठी मागे, लहान पुढे. फ्रेम टांगण्यापेक्षा टेकवलेली जास्त छान दिसते असं आमचं प्रामाणिक मत आहे. शिवाय मन बदललं की लगेच हलवता येते. खालच्या कडेला रबराची चकती लावली की फ्रेम घसरत नाही.

जुनं लाकूड नव्या सामानात शोधत बसू नका. वापरलेलं एखादं स्टूल किंवा पेटी आणा. घरी आणण्याआधी बारीक छिद्रं आणि त्याखाली ताजी पिठासारखी भुकटी दिसतेय का ते पाहा. दिसली तर कीड अजून आत आहे.

परवानगी कशी मागायची

‘खिळे ठोकायचे नाहीत’ या अटीमागे बहुतेक वेळा वेडीवाकडी भोकं पाडून निघून गेलेले भाडेकरू असतात. ‘थोडे खिळे ठोकू का?’ असं विचारलंत तर उत्तर नाही येणार. ‘बाहेरच्या खोलीत या भिंतीवर ४ छिद्रं, प्रत्येकी ६ मिमी, जाताना लांबी भरून रंग लावून देऊ’ असं नेमकं लिहून विचारा, सोबत भिंतीचा फोटो. होकार लेखी ठेवा. छिद्र पाडायची वेळ आलीच तर स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, आतल्या वायरी सहसा त्याच रेषांनी जातात.

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठी बदलायलाही छिद्र लागत नाही, जर जुन्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून तेवढ्याच अंतराच्या मुठी आणल्या तर. ९६ आणि १२८ मिमी ही नेहमीची मापं. अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा, मुठीची लांबी नव्हे. जुन्या मुठी, त्यांचे स्क्रू, काढलेले बल्ब, जे जे घरमालकांचं आहे ते एका डब्यात, वर खोलीचं नाव लिहून. घराचे फोटो पहिल्याच दिवशी काढले नसतील तर आज काढा, तारखेसह.

आणि ते चार रोल

परत करू नका. त्यांना भिंत नको, फळी द्या. सोफ्यामागे उभा करायचा घडीचा पडदा बनवा, चार फळ्यांचा. रोलची रुंदी मोजा. ५३ सेंमी असेल तर १२ मिमी जाडीच्या प्लायवूडच्या ४५ बाय १८० सेंमीच्या चार फळ्या कापून आणा, म्हणजे कागद दोन्ही बाजूंना वळून मागे जातो. एका फळीचं वजन सहा किलोच्या आसपास होईल. याहून पातळ प्लाय घेऊ नका, एका बाजूला कागद लागला की ते धनुष्यासारखं वाकतं. पुढची, मागची आणि कडांची बाजू २२० च्या काचकागदानं घासा, प्राइमरचे दोन हात द्या आणि पूर्ण सुकायला किमान दोन दिवस ठेवा. घाई करून ओलसर प्राइमरवर लावलेला कागद फुगतो.

चारही फळ्या एकाच लॉटच्या रोलमधून कापा. लॉटचा नंबर रोलच्या आवरणावर असतो आणि दोन लॉटच्या हिरव्यात फरक पडतो. प्रत्येक पट्टी १९० सेंमीची. नक्षी असेल तर पट्ट्या कापण्याआधी जमिनीवर शेजारी मांडून ती जुळवा, नाहीतर शेवटच्या फळीवर पान अर्धंच येतं. मागचा कागद एकदम सोलू नका. वरचे १० सेंमी सोला, चिकटवा, मऊ फडक्यानं मधून कडेकडे दाबा, मग पुढचे १० सेंमी. बुडबुडा राहिला तर बारीक सुईनं टोचून दाबा. कोपऱ्यांवर घडी करण्याऐवजी तिरका काप देऊन वळवा. मागे वळलेल्या कडेवर छोट्या स्टेपल पिना मारल्यात तर दमट हवेतही ती सुटणार नाही.

दोन फळ्यांमध्ये तीन बिजागऱ्या, एकदा पुढे उघडणाऱ्या, एकदा मागे, म्हणजे पडदा नागमोडी उभा राहतो. त्याला २० सेंमी खोली लागते, तेवढा सोफा भिंतीपासून पुढे ओढा. नागमोडी केल्यावर रुंदी १८० ची १६० सेंमीच्या आसपास होईल. सोफ्याच्या मागे ती पुरेशी आहे. सोफ्याची पाठ त्याला लागून राहू द्या, म्हणजे तो पुढे कलंडत नाही. घरात लहान मूल असेल तर सोफ्याच्या मागच्या पायाला आणि पडद्याच्या खालच्या कडेला पट्ट्यानं बांधून टाका. भिंतीकडे येणाऱ्या कोपऱ्यांना फेल्ट लावा, नाहीतर पिवळा रंग पुन्हा घासला जाईल.

यातून जो अर्धामुर्धा रोल उरेल तो पुस्तकांच्या कपाटाच्या आत, पाठीच्या फळीवर लावा. जमिनीवर पडलेली ती पहिली पट्टी मात्र टाकून द्या. तिच्या गोंदावर तुमच्या भिंतीची भुकटी बसली आहे, ती आता कशालाच चिकटणार नाही.